मोतीबिंदू पिकण्याची वाट

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही, हा नियम विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतातल्या डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या अंगवळणी पडलेला होता. तो निव्वळ समज नव्हता. त्या काळी जी शस्त्रक्रिया हाती होती, तिचा विचार करता थांबण्यातच शहाणपण होते.

सर्वांत जुने सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. रुग्णाला उजेडात बसवायचे, जवासारख्या टोकाची शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची, मग डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडून तुपाची पट्टी बांधायची. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे वर्ज्य. पट्टी बांधण्याआधी मात्र डोळ्यात साठलेला कफ नाकावाटे शिंकरून टाकायलाही ग्रंथ सांगतो. प्रत्यक्षात गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून सरकत असावे. पुढे गावोगाव फिरणारे वैद्य हेच करीत. भिंग डोळ्यातच मागे लोटले की रुग्णाला लगेच दिसू लागे; वैद्य बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. डोळ्यात पू होणे, दाब वाढून दृष्टी कायमची जाणे, हे त्यानंतरचे. मद्रासचे सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ सालचे. तिथले शल्यचिकित्सक रॉबर्ट एलियट यांनी असे बिघडलेले डोळे अभ्यासून १९१७ मध्ये लंडनला त्यांवर व्याख्याने दिली.

भिंग बाहेर काढण्याची रीत फ्रान्समधल्या दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये सुरू केली. पंजाबात जालंधरचे कर्नल हेन्री स्मिथ यांनी भिंग आवरणासकट दाबून काढण्यात नाव कमावले, तर मोग्याच्या डॉ. मथुरादासांनी शस्त्रक्रियेची शिबिरे भरवली. विजापूर भागात जन्मलेल्या डॉ. एम. सी. मोदींनी कर्नाटकात फिरती शिबिरे घेतली. शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीने रुग्ण, डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही अशी ताकीद.

पट्टी सुटल्यावर मिळे तो जाड भिंगांचा चष्मा. त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या आणि जवळ भासत, कडेचे दिसत नसे. पायरी उतरताना म्हातारी माणसे भिंतीला हात लावून चाचपडत. चष्मा फुटला की पुन्हा आंधळेपण. अर्धवट मोतीबिंदूच्या डोळ्याला यापेक्षा बरे दिसत असे. मग पिकेपर्यंत थांबणेच परवडे.

हे गणित बदलले ते कृत्रिम भिंगाने. विमानाच्या प्लास्टिकच्या तावदानाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही त्रास देत नाहीत, हे पाहून हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिले भिंग बसवले. भारतात मात्र ते आयात करावे लागे आणि सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर राही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली. खरी क्रांती शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकीच या कारखान्याची आहे.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही १९७६ चाच. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या कर्जावर सात राज्यांत मोतीबिंदूची मोहीम झाली, त्यांत महाराष्ट्र होता. शाळांतल्या शस्त्रक्रिया मागे पडल्या. गावात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात, अशी वाट रूढ झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव महाराष्ट्रात याच कामामुळे घरोघरी पोहोचले.

तरी २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांपैकी १.९९ टक्के लोक अंध आढळले आणि त्यांतल्या ६६.२ टक्क्यांचे कारण उपचार न झालेला मोतीबिंदूच होता. गाडीभाडे, सोबतीला माणूस नसणे, घरातल्या बाईच्या डोळ्यांची पाळी शेवटी येणे, या अडचणी भिंग स्वस्त झाल्याने सुटल्या नाहीत. ‘अजून पिकला नाही’ हे उत्तरही घरातून अजून ऐकू येते. शिवाय आयुर्मान वाढले तसे काचबिंदू आणि मधुमेहाने होणारे पडद्याचे विकार वाढले. त्यांत गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणून तक्रार नसतानाही पन्नाशीनंतर डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घेणे हा आता अंधत्व टाळण्याच्या कामाचा भाग झाला आहे.