हिडन पॅलेसचा पाठभेद

जुन्या पोथ्यांच्या प्रती शेजारी ठेवून पाठभेद ताडण्याची मला सवय आहे. तीच सवय घेऊन मी एका व्हिडिओ गेमकडे वळलो.

सेगाचा ‘सॉनिक द हेजहॉग २’ नोव्हेंबर १९९२मध्ये बाजारात आला. त्याआधी मासिकांतल्या चित्रांत ‘हिडन पॅलेस’ ही भुयारी लेव्हल दिसली होती. विकत आणलेल्या खेळात ती नव्हती. कॅलिफोर्नियातल्या चमूपुढे मुदत उभी होती आणि कार्ट्रिजमध्ये जागा अवघी एक मेगाबाइट. गाळलेल्या भागाची खूण म्हणावी अशी एक चाल मात्र राहिली: ध्वनिचाचणीत ‘10’ या क्रमांकावर ती ऐकू येते, खेळात कुठेच वाजत नाही.

१९९०च्या दशकाअखेरीस एक अपुरी चाचणी-प्रत इंटरनेटवरून चाहत्यांच्या हाती लागली. तिच्यात हिडन पॅलेस होता: स्फटिक, धबधबे, लाल डायनोसॉर आणि मध्येच तुटणारी वाट.

२०१३च्या मोबाइल आवृत्तीत ही लेव्हल पूर्ण करण्यात आली. तिथे जाता येते ते ‘मिस्टिक केव्ह’मधल्या खड्ड्यातून. १९९२च्या खेळात त्याच खड्ड्यात पडलेला सॉनिक हमखास मरत असे.

ही नवी लेव्हल सुबक आहे, पण तो जीर्णोद्धार. मूळ कर्त्यांचा हात कुठे थांबला, याची साक्ष त्या तुटक्या प्रतीतच मिळते. आणि ती आपल्यापर्यंत पोचली ती कंपनीच्या दप्तरातून नव्हे, विनापरवाना नकलांतून. पोथ्या तरी आणखी कशाने तरल्या?