पायरीची नौका : वेग, तोल आणि त्याची किंमत

१/१२
१३ जून १९३०. इंग्लंडमधील विंडरमियर सरोवर. सर हेन्री सीग्रेव्ह यांच्या ‘मिस इंग्लंड २’ या नौकेने ताशी ९८.७६ मैल (सुमारे १५९ किमी) या सरासरीने जलवेगाचा जागतिक विक्रम नोंदवला. त्यानंतरच्याच फेरीत नौका उलटली. अभियंता व्हिक्टर हॅलिवेल अपघातात मृत्युमुखी पडले. सीग्रेव्ह यांनी काही तासांनी प्राण सोडला. या नौकेच्या तळाला एक पायरी होती. त्या पायरीचा हा इतिहास.

२/१२
नौकेचा खरा शत्रू पाणी. तळ जितका अधिक भिजलेला, तितके घर्षण अधिक. चपटा दगड तिरका फेकला की तो पाण्यावर टप्पे घेत जातो. पुरेसा वेग मिळाला तर नौकाही तशीच पाणी कापण्याऐवजी पाण्यावर चढून धावू शकेल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे.

३/१२
१८७२ मध्ये ससेक्समधील धर्मोपदेशक चार्ल्स मीड रेमस यांनी ब्रिटिश नौदलापुढे एक प्रस्ताव ठेवला : जहाजाचा तळ सलग न ठेवता एकामागे एक अशा दोन उतरत्या पाचरींचा करावा. विल्यम फ्रूड यांनी प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि प्रतिकूल मत दिले. पाण्यावर चढण्याइतकी शक्ती देणारे हलके यंत्र त्या काळी नव्हतेच. वाफेच्या यंत्राचे वजनच जहाजाला खाली दाबत होते.

४/१२
पेट्रोल इंजिन आले आणि चित्र पालटले. फ्रान्समध्ये राहणारे अमेरिकी संशोधक विल्यम फॉबर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पायऱ्यांच्या तळाचे आराखडे सिद्ध केले. १९१२ मध्ये टॉम सॉपविथ यांनी अनेक पायऱ्यांची ‘मेपल लीफ ४’ ही नौका चालवून अमेरिकेत हार्म्सवर्थ चषक जिंकला. पुढे विमाननिर्माते म्हणून गाजले ते हेच सॉपविथ.

५/१२
पायरी करते काय? तळाच्या मध्याजवळ एक आडवी खाच असते. वेगात असताना पाणी त्या कडेपाशी तळाला सोडते, दोन्ही बाजूंनी हवा आत शिरते आणि मागचा बराचसा भाग कोरडा राहतो. नौका जणू दोनच ठिकाणी टेकते : पायरीच्या कडेलगत आणि पिछाडीपाशी. घर्षण घटते, वेग वाढतो. पण पाण्यावरची पकडही त्याच प्रमाणात कमी होते.

६/१२
इथे ‘ट्रिम’ हा शब्द येतो. ट्रिम म्हणजे धावताना नौकेची नाळ किती उचललेली आणि पिछाडी किती बसलेली, तो कोन. तो काही अंशांचाच असतो. नाळ फार उचलली तर ती लयीत वर-खाली आपटू लागते आणि प्रत्येक आपटण्यासरशी उसळी वाढत जाते. नाळ फार दबली तर ती पाण्यात रुतते आणि सुटलेली पिछाडी बाजूला फेकली जाते.

७/१२
सुरुवातीच्या नौकांत पंख्याचा दांडा पक्का बसवलेला असे. त्यामुळे ट्रिम मुख्यतः गोदीतच ठरे : पायरीची जागा, इंजिनाचे स्थान, इंधनटाकीची जागा. पाण्यावर गेल्यावर चालकाच्या हाती उरत ते सुकाणू आणि वेगाची कळ.

८/१२
पहिल्या महायुद्धात हे तंत्र रणांगणात आले. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने ब्रिटिश नौदलासाठी ४० फुटी, एका पायरीची ‘कोस्टल मोटर बोट’ बांधली. वजन वाचवण्यासाठी टॉर्पेडोची जड नळी वगळली आणि टॉर्पेडो पिछाडीच्या पन्हळीत ठेवला. तो मागे, शेपटीकडून, पाण्यात ढकलला जाई आणि नौका गेली त्याच दिशेने धावू लागे. म्हणजे चालकाने शत्रूवर सरळ चाल करायची, टॉर्पेडो सोडायचा आणि पूर्ण वेगात त्याच्या वाटेतून बाजूला वळायचे. वेग मंदावला तर मागून येणारा टॉर्पेडो आपलाच.

९/१२
१७ जून १९१९ रोजी लेफ्टनंट ऑगस्टस एगर यांनी क्रोनस्टाटजवळ अशाच नौकेतून बोल्शेविक क्रूझर ‘ओलेग’ बुडवली. हल्ल्याआधी टॉर्पेडो ढकलणारे काडतूस अवेळी उडाले. अडसरांमुळे टॉर्पेडो जागीच राहिला, पण काडतूस बदलेपर्यंत शत्रूच्या विनाशिकांजवळ थांबावे लागले. थांबलेली पायरीची नौका म्हणजे एक साधी, दुबळी होडी. तिचे सारे संरक्षण वेगात असते. एगर यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१०/१२
आता पुन्हा विंडरमियरकडे. ‘मिस इंग्लंड २’ पाण्यात अर्धवट बुडालेल्या ओंडक्यावर आदळली असावी, हे सर्वाधिक मान्य झालेले कारण. संथ होडीला असा ओंडका खरचटून गेला असता. पण ताशी शंभर मैलांच्या आसपास नौकेचे सारे वजन तळाच्या अगदी थोड्या भागावर पेललेले असते. तिथेच धक्का बसला, तर तोल सावरायला क्षणही मिळत नाही.

११/१२
नौका दुरुस्त झाली. १९३१ मध्ये के डॉन यांनी तिच्यातून शंभर मैलांची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी डेट्रॉइट नदीवर हार्म्सवर्थ चषकाच्या शर्यतीत गार वुड पुढे होते, डॉन मागे. वळणावर पुढच्या नौकेने खवळवलेल्या पाण्यात ‘मिस इंग्लंड २’ पुन्हा उलटली. या वेळी सारे वाचले. सरळ रेषेत विक्रम करणारी नौका वळणावर फसली, कारण वळताना नौका कलते आणि दोन टेकूंवरचा तोल बिघडतो.

१२/१२
१९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने इंजिन आत आणि पंख्याचा पाय बाहेर अशी रचना बाजारात आणली. पुढे तो पाय धावतानाच कळ दाबून वर-खाली करता येऊ लागला. गोदीत ठरणारा ट्रिम चालकाच्या अंगठ्याखाली आला. आजच्या वेगवान नौकांनाही पायऱ्या असतात आणि त्यांचे नियम तेच आहेत : वळणाआधी वेग कमी करा, नाळ दाबून वळू नका, वळणाच्या मध्यात वेग एकदम तोडू नका. एकेकाळी हे नियम सांगणारे कोणी नव्हते. ते पाण्यावरच शिकावे लागले आणि काहींनी त्यासाठी प्राण मोजले.