रिद्धपूरचा गुरुबंधुभाव

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची काशी. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्यांचा विखुरलेला शिष्यपरिवार श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी येथे एकत्र आला. सर्वांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नव्हते. महदाइसेसारख्या विदुषीही त्यांत होत्या. अहिंसा, भिक्षान्न, अपरिग्रह हे त्यांचे आचार आपणां जैनांस परके वाटणार नाहीत.

मात्र या गुरुबंधूंचे खरे कार्य होते स्वामींची आठवण सर्वांनी मिळून जपण्याचे. ज्याने जे पाहिले-ऐकले, ते म्हाइंभटांनी त्याच्याकडून मिळविले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केशोबासांना आचार्यांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले, ते परिवारातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकू नयेत म्हणून. संघ कोणासाठी असतो, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहिल्या. जेथे आठवणी जुळेनात, तेथे पाठभेदही नोंदून ठेवले.