संगणकाचा पहिला धडा

कोणतीहि नवी विद्या प्रारंभीं थोड्यांच्याच हातीं असते. ती सर्वांच्या हातीं कशी गेली, हें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकास फार उद्बोधक असतें. आज महाविद्यालयांतील अनेक शाखांत पहिल्याच वर्षीं मुलामुलींना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकवितात आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु साठ वर्षांपूर्वीं हा विचारच धाडसाचा होता. तो ज्यांनीं अमलांत आणला, त्या दोन शिक्षकांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या ईशान्येस न्यू हॅम्पशायर संस्थानांत हॅनोव्हर नांवाचें एक लहानसें गांव आहे. १७६९ सालीं स्थापन झालेलें डार्टमथ महाविद्यालय तेथेंच आहे. या महाविद्यालयांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ हे दोघे गणित शिकवीत. केमेनी यांचा जन्म १९२६ सालीं बुडापेस्ट येथें झाला. त्यांचें ज्यू कुटुंब १९४० मध्यें हंगेरी सोडून अमेरिकेस आलें. पुढें महायुद्धाच्या काळांत लॉस अ‍ॅलमॉस येथें त्यांनीं हिशेबयंत्रांवर काम केलें, आणि नंतर कांहीं काळ ते आइन्स्टाइन यांचे गणितांतील साहाय्यक होते.

त्या काळीं संगणकाकडून काम करवून घेणें म्हणजे मोठा खटाटोप असे. आज्ञावली कार्डांवर भोकें पाडून उतरवावयाची, कार्डांचा गठ्ठा यंत्र चालविणाऱ्यांच्या स्वाधीन करावयाचा आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. डार्टमथ येथें तर प्रारंभीं संगणकच नव्हता; कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन आगगाडीनें बॉस्टनकडे जात. एखादें चिन्ह चुकलें असेल तर तें कळावयास पुढची खेप यावी लागे. मुलानें लिहिलेलें गणित पंधरा दिवसांनीं तपासून परत दिलें, तर आपण काय विचार करून तें लिहिलें होतें हेंच तो विसरलेला असतो. शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसास ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

डार्टमथमधील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी शास्त्र वा यंत्रविद्या शिकणारे नव्हते. ते पुढें वकील, व्यापारी, राज्यकर्ते व्हावयाचे. संगणकाविषयींचे मोठे निर्णय उद्यां हेच लोक घेणार. मग त्यांनींच त्यास हात लावलेला नसावा, हें या दोघां गुरुजींस पटेना. त्यांनीं दोन गोष्टी ठरविल्या. पहिली, यंत्राचा वेळ अनेकांत वांटून द्यावयाचा. यंत्र क्षणभर एकाचें काम करी, दुसऱ्या क्षणीं दुसऱ्याचें; त्याचा वेग इतका, कीं आपल्या टंकयंत्रापुढें बसलेल्या प्रत्येकास तें आपलेंच वाटे. दुसरी, नवशिक्यासाठीं एक सोपी भाषा रचावयाची. तिचें नांव ‘बेसिक’. तिच्यांत प्रारंभीं अवघ्या चौदा प्रकारच्या आज्ञा होत्या. लेट म्हणजे मान, प्रिंट म्हणजे छाप, अशा रोजच्या व्यवहारांतल्या. प्रत्येक ओळीस क्रमांक असे. ओळ चुकली तर तोच क्रमांक देऊन ती पुन्हां लिहावयाची, कीं जुनी ओळ जाऊन नवी तिच्या जागीं येई.

१ मे १९६४ रोजीं पहांटे चार वाजतां दोन टंकयंत्रांवरून एकाच वेळीं ‘रन’ ही आज्ञा देण्यांत आली आणि दोन्हींवर बरोबर उत्तरें आलीं. ही व्यवस्था चालविणाऱ्या आज्ञावलीचा बराच भाग पदवीपूर्व वर्गांतील मुलांनींच लिहिला होता, हें विशेष. त्यानंतर प्रारंभिक गणिताच्या वर्गांतच हा विषय शिकविला जाऊं लागला. थोडीं व्याख्यानें झालीं, कीं मुलें थेट यंत्रापुढें बसत. चूक झाली तर यंत्र तत्काळ सांगे. वर्गांत हंसें होण्याची भीति नाहीं. वापराचें मूल्यहि विद्यार्थ्यास पडत नसे. ग्रंथालयाचीं कपाटें जशीं उघडीं, तसाच संगणकहि उघडा असावा, असें केमेनी म्हणत.

या प्रयोगास मर्यादाहि होत्या. डार्टमथचें दार त्या वेळीं मुलींना बंद होतें. केमेनी अध्यक्ष असतां १९७२ सालीं तें उघडलें. बेसिकमुळें विद्यार्थ्यांस विस्कळित लिहिण्याची खोड जडते, अशी कडक टीका डिक्स्ट्रा या डच पंडितानें पुढें केली. ती सर्वस्वीं निराधार नव्हती. आज वर्गावर्गांत पायथनसारख्या भाषा शिकवितात. केमेनी १९९२ मध्यें निवर्तले आणि कर्ट्झ २०२४ मध्यें.

आतां तर साध्या बोलीभाषेंत सांगितलें तरी यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देतें. मग मुलांनीं हा धडा गिरवावयाचा कशाला, असा प्रश्न आपल्या घरोघरीं निघत असेल. केमेनी व कर्ट्झ यांना सर्वांस संगणकाचे कारागीर बनवावयाचें नव्हतेंच. ज्या यंत्रावर आपले व्यवहार सोंपवावयाचे, तें सांगितलेलें कसें पाळतें आणि कोठें फसतें, याचा अनुभव प्रत्येक सुशिक्षितानें स्वतः घ्यावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. यंत्रानें लिहून दिलेलें बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम अजूनहि माणसाकडेच आहे. तेव्हां आपल्या मुलानें वा मुलीनें दहा ओळींची पहिली आज्ञावली लिहिली आणि ती चालली नाहीं, तर यंत्राकडून ती दुरुस्त करवून घेण्याची घाई करूं देऊं नये. कोणती ओळ कां चुकली, हें त्यांचें त्यांना शोधूं द्यावें.