औषधयुक्त स्पर्शभिंगे आणि त्रिमितीय मुद्रण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत मिळत नाही. उरलेली दृष्टी टिकविण्यासाठी अनेक रुग्णांना आयुष्यभर डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात. थेंबातील बहुतांश औषध मात्र अश्रूंबरोबर वाहून जाते आणि साधारणतः ५ टक्क्यांहून कमी औषध डोळ्याच्या आत पोहोचते. भोकरदन तालुक्यातील धावडा यासारख्या गावात शेतीची कामे सांभाळून रोज ठरल्या वेळी थेंब घालणे सोपे नाही. म्हणूनच औषध सावकाश सोडणाऱ्या स्पर्शभिंगाच्या, म्हणजेच कॉन्टॅक्ट लेन्सच्या, कल्पनेचा इतिहास अभ्यासणे महत्त्वाचे ठरते.

मृदू भिंगाचा उदय : १८८८ मध्ये अॅडॉल्फ फिक यांनी काचेच्या स्पर्शभिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६० मध्ये चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लीम यांनी पाणी शोषून घेणारे मृदू बहुवारिक जगासमोर मांडले. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील सुटे भाग वापरून घरीच यंत्र उभारले आणि त्यावर मृदू भिंगे तयार केली. अमेरिकेत अशा भिंगांना १९७१ मध्ये मान्यता मिळाली.

औषधवाहक भिंग : पाणी शोषणारे भिंग औषधाचे द्रावणही शोषते, हे १९६० च्या दशकातच लक्षात आले होते. परंतु भिजविलेल्या भिंगातील बरेचसे औषध काही तासांतच बाहेर पडत असे. १९७० च्या दशकात काचबिंदूवरील ऑक्युसर्ट ही पापणीखाली ठेवावयाची पातळ चकती आठवडाभर पायलोकार्पिन सोडत असे. तथापि ती फारशी रूढ झाली नाही. अमेरिकेत औषधयुक्त भिंगाला पहिली मान्यता २०२२ मध्ये मिळाली. त्यात केटोटिफेन हे अॅलर्जीची खाज शमविणारे औषध होते, काचबिंदूवरील नव्हे.

मुद्रणाची भर : १९८१ मध्ये जपानच्या हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव्याचे थर रचण्याची पद्धत मांडली. चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये अशाच पद्धतीचे अमेरिकी एकस्व मिळाले. २०१५ मध्ये तेथे त्रिमितीय मुद्रणाने बनविलेल्या गोळीस मान्यता मिळाली. भिंगाच्या बाबतीत या तंत्राने मधला भाग स्वच्छ ठेवून कडेच्या वलयात औषध भरणे, तसेच रुग्णाच्या डोळ्याच्या मापानुसार वक्रता ठेवणे शक्य होते. मात्र थरांच्या पायऱ्यांमुळे घटणारी पारदर्शकता, प्राणवायूचे वहन, न जुळलेल्या रसायनांचे अवशेष व निर्जंतुकीकरण हे प्रश्न उरतात.

निष्कर्ष : मृदू भिंग घरगुती साधनांनीही घडविता येते, हे १९६१ मध्येच सिद्ध झाले होते. तरीही औषधयुक्त भिंग रुग्णापर्यंत पोहोचण्यास सहा दशके लागली. यावरून औषधाचे नियंत्रित उत्सर्जन हाच मुख्य अडसर होता, असे दिसते. त्यामुळे मुद्रणाची कसोटी भिंगाच्या आकारावर नव्हे, तर औषध किती दिवस व किती समप्रमाणात सुटते यावर लागेल. शिवाय अस्वच्छ हातांनी हाताळलेल्या भिंगामुळे पारपटलास जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून धावड्यासारख्या गावात भिंग बसविणारा प्रशिक्षित हात आणि नियमित नेत्रतपासणी यांची सोय मुद्रणयंत्राच्या आधी व्हावयास हवी.