एकट्याची होडी

शिडाच्या होड्यांची शर्यत हा मूळचा धनिकांचा खेळ. नवी, वेगवान होडी बांधून घेण्याची ऐपत ज्याची, त्याच्याच गळ्यांत माळ. जुन्या होडींतला नाविक कितीहि कुशल असो, तो मागेंच. हा अन्याय दूर व्हावा म्हणून १८८७ सालीं आयर्लंडांत डब्लिनजवळ ‘वॉटर वॅग’ होड्या निघाल्या. सर्व एकाच नमुन्याच्या.

हाच नियम पुढें एकट्यानें हांकावयाच्या होड्यांसहि लागला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनीं ‘फिन’ नांवाची एकशिडी होडी आंखली. सर्वांस ती यजमानांनींच पुरविली. खुद्द सार्बीहि शर्यतींत उतरले आणि तिसरे आले! होडी ज्यांच्या कल्पनेंतून निघाली त्यांनाहि तिनें झुकतें माप दिलें नाहीं, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें.

पहिले आले डेन्मार्कचे पॉल एल्व्हस्ट्रॉम. १९४८ पासून १९६० पर्यंत लागोपाठ चार ऑलिंपिकांत त्यांनीं एकट्याच्या होडीचें सुवर्णपदक जिंकलें. मग समता कुठें राहिली, असें कोणी विचारील. वारा होडीस कलंडवूं लागला कीं नाविकानें पट्ट्यांत पाय अडकवून अंग काठाबाहेर झोंकून द्यावयाचें. त्याच्या देहाचें वजन हाच तिचा तोल. मांड्या भरून येतात, पोटाचे स्नायु थरथरतात, आणि शीड सैल सोडण्याचा मोह होतो. एल्व्हस्ट्रॉम यांनीं त्यासाठीं घरींच एक बांक केला होता. त्यावर पाय अडकवून, पाठ अधांतरीं ठेवून, ते तसेच लोंबकळत राहत.