जिवणी

जिवणी हा शब्द हल्ली फारसा ऐकू येत नाही. दोन ओठ मिळतात तो कोपरा म्हणजे जिवणी. धड असते तोवर तिची आठवणही होत नाही, पण फाटली की जांभईसुद्धा जपून द्यावी लागते आणि आमटीचा पहिलाच घास डोळ्यांत पाणी आणतो. यावर आमच्या घरी एकच औषध होतं. रात्री झोपताना बोटभर तूप. तुपाने चीर मऊ पडायची, बरं वाटायचं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच!

आम्ही शीवकर. शीव म्हणजे हद्द. जुनं मुंबई बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टी. जिवणीही एक शीवच की! बाहेरची कातडी तिथे संपते आणि तोंडातली ओली, नाजूक त्वचा सुरू होते. असो.

तूप का पुरत नाही, याच्या उत्तराचा एक धागा शीवहून लोकलने तिसऱ्या स्टेशनावर, परळला सापडतो. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होत होता, कित्येकजणी त्यात दगावत होत्या. आधी संशय जंतूंवर होता. बाईंनी मात्र या बायका काय खातात तेही तपासलं. ताटात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच. मग तसंच निकृष्ट अन्न देऊन माकडांवर प्रयोग झाले, आणि गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून करतात ती काळी, खारट चटणी! १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून काढला, म्हणून लॅटिनमधल्या पानावरून त्याचं नाव.

विल्सबाई रक्ताच्या मागे होत्या, ओठांच्या नव्हे. पण जीभ सोलवटणं, जिवणी फाटणं ही अशा रक्तक्षयाचीही लक्षणं आहेत. ओठांचा थेट माग लागला तो दक्षिणेत. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतले ॲक्रॉइड आणि कृष्णन यांनी १९३६ साली तोंड येण्याचा संबंध बी-२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी जोडला. दोन वर्षांनी अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी १८ स्त्रियांना बी-२ नसलेलं अन्न दिलं, तेव्हा दहाजणींच्या जिवण्या फाटल्या. रायबोफ्लेविन दिल्यावर त्या भरून आल्या. (हा प्रयोग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. भुकेचा पुरावा म्हणून माणसांनाच उपाशी ठेवायचं! गिरणगावात तो पुरावा तसाही चालता-बोलता होता.)

मला यात जास्त बोचतं ते ताट. दूध मुलांना, भाजी पुरुषांना, आणि शेवटी बसणारीला भात आणि आमटीचं पाणी. हे फक्त चाळीतच होतं असं कोणी म्हणू नये. आपापल्या घरातल्या आज्या आठवून पाहा. आणि तूप लावायला तरी दुसऱ्या कोणाचं बोट होतं का?

पुढे बी-कॉम्प्लेक्सची गोळी आली आणि सगळा प्रश्न तिच्यावर सोपवला गेला. गोळी घेतली की लघवी पिवळीजर्द होते ती याच रायबोफ्लेविनमुळे. पण दर वेळी बी-२ च कमी असतं असं नाही. लोह कमी असतं, मधुमेह असतो. म्हाताऱ्या माणसांची कवळी सैल झाली की तोंडाचे कोपरे खाली दुमडतात, तिथे लाळ साचते आणि बुरशी धरते. तिथे बुरशीचं मलम लागतं, कवळीही नीट करून घ्यावी लागते. महिनोन्महिने जिवणी भरत नसेल तर रक्त तपासून घ्यावं हे बरं.

आणि हो, श्रीखंडासाठी चक्का टांगला की खाली हिरवट-पिवळं पाणी गळतं ना, तो रंग रायबोफ्लेविनचाच. आमच्याकडे ते मोरीत ओतलं जायचं. आता मी त्यात कणीक भिजवते.